जावयाच्या ओट्याखालचा व्हॉल्व्ह

जानेवारी १९६८

तीर्थरूप अर्जुनराव भाऊजी यांना,

त्यांच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा, म्हणजे कारभारीचा, दोन्ही हात जोडून आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकवून नमस्कार. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं हे नांदुऱ्याहून आलेल्या माणसाकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी अजून सुटली नसेल, तेव्हा हे पत्र आमची विमलआक्काच आपल्याला वाचून दाखवत असणार. ती चौथी पास आहे आणि तिचा आवाज खणखणीत आहे, म्हणून काही मजकूर मी फक्त तिच्यासाठी कंसात घालतो आहे. (आक्का, कंसातलं मनातल्या मनात वाचजो वं. आन् वाचताना तोंड वाकडं करू नको, त्याईले पट्टीतूनबी समजते.) डॉक्टरांनी आपल्याला तिखट, धूर, खोकला आणि राग वर्ज्य सांगितला आहे असं ऐकतो. पहिल्या तिन्हींची काळजी आक्का घेईल. रागाची काळजी मला घ्यायची आहे, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे सिंधूताईचं घर पडलं, तेवढं सोडून. वांगी-मेथीची टोपली डोक्यावर घेऊन वरवटचा बाजार करता करता त्या बाईने दोन खोल्यांचं धाब्याचं घर उभं केलं होतं. त्यातली मागची खोली गेली, पुढची जाण्याच्या बेतात आहे. सिंधूताई स्वतः सुखरूप आहे. घर पुन्हा उभं राहील की नाही हे मात्र पंचायतीच्या हातात आहे, आणि पंचायतीचा हात सध्या कुठे आहे ते पुढे येईलच.

मुळापासून सांगतो. आपण निघण्याआधी पंचायत समितीचा हुकूम आला होता, तो आपल्याला आठवत असेल. गावाच्या मालकीचं जे जे काही आहे, पाइप, नळ, व्हॉल्व्ह, दिव्याचे खांब, मोऱ्या, ते सगळं नकाशावर दाखवा, म्हणजे काही बिघडलं तर गाव उकरत बसायला नको. हुकूम शहाणपणाचा होता. आपल्या विहिरींचं पाणी खारं, त्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि इतक्या वर्षांनी गोड्या पाण्याचा नळ आला, तर तो सांभाळायलाच पाहिजे. ओव्हरसियर साहेब येऊन पद्धत शिकवून गेले. एका जाड कागदावर गावातली सगळी घरं काढायची. मग आरपार दिसणारे पातळ कागद घ्यायचे, एकावर पाइप आणि व्हॉल्व्ह, दुसऱ्यावर खांब, तिसऱ्यावर मोऱ्या. चारी कोपऱ्यांच्या खुणा जुळवून कागदावर कागद ठेवला की कशाखाली काय आहे ते बसल्या जागी दिसतं. काय डोकं चालवलंय! मी तर थक्क झालो. गाड्यांवर नावं आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा गावात मी एकटाच, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. मेंबर असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

भाऊजी, नकाशा काढणं सोपं आहे, गाव काढणं अवघड आहे. घरं मोजायला दुपारी गेलो तर घरोघर बायकाच. कोणाचं घर म्हणून विचारावं तर एकही बाई मालकाचं नाव घेईना. "त्याईचंच हाये," एवढंच. संध्याकाळी कागद पाहतो तर अर्धी माळी गल्ली "त्याईची" झालेली. पुन्हा हिंडलो. मग मोतीरामबुवा आडवे आले, "माह्या दारापुढंबी एक खांब काढ ना बे, कागदावर तरी उजेड पडू दे." काढला. म्हातारा माणूस, नाही कसं म्हणणार? उत्तर दिशा वर धरल्यामुळे खालची आळी कागदाच्या तळाशी गेली, तर तिथली मंडळी पंचायतीत येऊन बसली, "आमाले खाली काऊन टाकलं?" शेवटी सरपंच महादेवरावांनी नकाशा भिंतीवर आडवा टांगला, म्हणजे कोणीच वर नाही आणि कोणीच खाली नाही. आता तो वाचायचा तर मान खांद्यावर टेकवावी लागते. एकूण काय, गावात भीड मोठी. (त्यात सगळ्यात जास्त माह्यी. तुले माईतच हाये. लहानपणी कोणी दुसऱ्यांदा वाढलं तरी मी नाही म्हणत नव्हतो, मंग पोट धरून बसत होतो.)

आता जरा नाजूक भागाकडे येतो. आक्काने आपल्याला पाणी पाजावं.

सगळे कागद तयार झाल्यावर पंचायतीत मी ते मोठ्या थाटात एकावर एक ठेवले. घरांचा कागद सुटा पाहिला तर बरोबर होता. पाइपांचा सुटा पाहिला तर तोही बरोबर. दोन्ही जुळवले तेव्हा आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह सरळ आपल्या नव्या ओट्याच्या पोटात जाऊन बसला. पाइप पडले तेव्हा आपण अजून अकोल्याला होता, इथे राहायला आला नव्हता, आणि ओटा बांधला गेल्या दिवाळीनंतर, तो दोन हात गल्लीत आला. कचरू गवंड्याने लोखंडी झाकणावरच फरशी बसवली. त्याने पाहिलं होतं, मी पाहिलं होतं, जाणारा-येणारा प्रत्येक जण पाहत होता. पण आपण पडलात जावई. नुसते माझ्या घरचे नाही, साऱ्या गावचे! पंचायतीत सगळे सरपंचांकडे बघू लागले. मग महादेवराव म्हणाले, "जवाईबापूले ओटा फोडा म्हनणारा मानूस या गावात अजून जन्माले याचा हाये." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओटा हलवता येत नव्हता, व्हॉल्व्ह हलवता येत होता. निदान कागदावर. मी ब्लेडने तो खरवडला आणि पलीकडच्या निंबापाशी नवा गोल काढला. गोल इतका सुबक आला की ओव्हरसियर साहेबांनी शाबासकी दिली आणि शिक्का मारला.

मागच्या आठवड्यात सकाळी टाकी भरल्यावर सिंधूताईच्या मागच्या भिंतीला लागून पाइप फुटला. टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह गंजून बसलेला, तो फिरेना. म्हणजे गल्लीचा तोच बंद करायला हवा होता. सगळे धावले. पंचायतीतून नकाशा काढला, माना खांद्यावर टेकवल्या आणि कुदळी घेऊन निंबापाशी खणायला लागलो. भाऊजी, आता हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. खणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तिथे काही नाही. तरी जो तो दुसऱ्यापेक्षा जोराने खणत होता. महादेवराव वरून सांगत होते, "अजून खोल, अजून खोल." मी तर धोतर खोचून खड्ड्यात उतरलो होतो! सिंधूताई ओल्या लुगड्यानिशी धावत आली आणि ओरडली, "अरे, थो जवाईबापूच्या ओट्याखाली हाये ना! मले माईत हाये, तुमाले माईत हाये, मंग इथं काय खंदून राह्यले?" कोणी वर पाहिलं नाही. मीही नाही. नकाशात निंबच आहे, असं मी खड्ड्यातूनच म्हणालो. टाकीतलं सगळं गोडं पाणी तिच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत मुरलं, आणि आम्ही खणत असतानाच धाबं खाली आलं. तो आवाज ऐकून कुदळी थांबल्या.

आम्ही जावयाचा मान राखत होतो. सिंधूताई गावची लेक आहे, याच गल्लीत जन्मली, नवरा गेल्यावर याच गल्लीत परत आली. तिचा काही मान असतो हे त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि मला त्याची फार लाज वाटते. त्याहून वाईट पुढेच आहे. पंचायतीने वर कळवलं की नकाशा बरोबर असून भिंत मुळातच जुनी व कच्ची होती. म्हणजे चूक घराचीच. तेव्हा पंचायतीने घर बांधून देण्याचा प्रश्न उरत नाही. ठरावाला सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला. (आक्का, तो हात मी बराच येळ खालीच ठेवला होता. मंग महादेवरावनं माह्याकडं पाह्यलं.)

असो. आपण प्रकृतीला जपावं. आक्काला आशीर्वाद देण्याइतका मी मोठा नाही, म्हणून नमस्कारच. ज्वारी बरी आहे, हरभरा घाट्यावर आला आहे, गाय गाभण आहे, आणि मी आहे तसाच आहे, हीच तक्रार आहे.

आपला आज्ञाधारक आणि सध्या कोणाच्याच नजरेला नजर न देणारा,
कारभारी

ता. क. मुख्य विनंती राहिलीच. गल्लीचा व्हॉल्व्ह सापडल्याशिवाय पाइप दुरुस्त होत नाही, आणि बायका पुन्हा खाऱ्या विहिरीवर जात आहेत. तरी आपल्या ओट्याच्या फक्त दोन फरश्या काढायला परवानगी द्यावी. काम झाल्यावर होत्या तशा बसवून देऊ.

दुसरा ता. क. परवानगीची तसदी घेऊ नये. ओटा काल फोडला. दोन नाही, सगळ्याच फरश्या निघाल्या, कचरूचा हात एकदा चालला की थांबत नाही. व्हॉल्व्ह सापडला आणि एका हाताने फिरला, भाऊजी. एका हाताने! कोणी बोललं असतं तर ती भिंत आज उभी असती. शिवाय तुळशीला पाणी घालायला आक्काने दिलेल्या किल्लीने मी आपलं घर उघडून सिंधूताईला माजघरात राहायला दिलं आहे. ती यायला तयार नव्हती. (तुहं नाव सांगितलं तवा आली. आल्या आल्या सारं घर सारवलं तिनं. मले मात्र अजून शबुदानं बोलली नाही.)

तिसरा ता. क. पाकीट डकवलं होतं, पुन्हा उघडलं. भाऊजी, वर मी सगळं गावाच्या भिडेवर लोटलं आहे, ते खरं नाही. नांदुऱ्याला निघण्याच्या आदल्या दिवशी आपण ओट्यावर बसला होता. मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून शिक्क्यासाठी चाललो होतो, तेव्हा आपण हाक मारून विचारलंत, "कारभारी, थो व्हॉल्व्ह माह्या ओट्याखाली त नाही गेला? गेला असंन त सांग, आजच फोडतो. ओट्याचं काय एवढं?" आणि मी हसून म्हणालो, "छे छे भाऊजी, तो निंबापाशी आहे." आपण विश्वास ठेवलात. मला तेव्हा तुमची भीती नव्हती, कोणाचीच नव्हती. समोरच्याला बरं वाटेल ते तोंडातून निघून गेलं, एवढंच. ते पंचायतीत स्वतःहून सांगायला मी दोनदा उभा राहिलो आणि दोन्ही वेळा पाणी मागून खाली बसलो. आता पंचायत समितीचे साहेब भिंत बघायला येणार आहेत, आणि ओटा फुटला तरी पंचायतीचा ठराव अजून तसाच आहे. आपली पट्टी सुटली की त्या दिवशी गावी या, आणि साहेबांसमोर, सगळ्या मेंबरांसमोर, सिंधूताई तिथे बसलेली असताना मला तोच प्रश्न पुन्हा विचारा. आपण विचारल्याशिवाय माझ्याने बोलवणार नाही, आणि मी बोलल्याशिवाय तिचं घर उभं राहणार नाही.