मी आपली फक्त टॉवेल धरते

४ मार्च, मंगळवार

चौथी शिकलेल्या बाईने डायरी लिहू नये असा काही कायदा नाही. वही नातीची आहे. पुढे तिची गणितं, मागची पानं कोरी. वाया कशाला घालवायची.

तर आजपासून नातीला पोहायला न्यायचं काम माझ्याकडे. सून नर्स, तिला सकाळची ड्यूटी लागली. मुलगा तलावाच्या फाटकापर्यंत सोडतो आणि पळतो, क्लोरीनच्या वासाने डोकं धरतं म्हणे. आता हाच मुलगा अकराव्या वर्षापर्यंत मासा होता मासा. हे काठावर उभे राहून ओरड ओरड ओरडायचे, अजून एक फेरी, अजून एक फेरी. आणि एक दिवस ह्यांनीच त्याचं पोहणं बंद केलं. मी बापडी टॉवेल घेऊन उभी. माणूस तसा शांत, घड्याळं दुरुस्त करायचे, दुकानात दिवसभर तोंडातून शब्द नाही. सगळं ओरडणं तलावावर राखून ठेवलेलं असणार.

नातीच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. निश्चय: एक शब्द बोलायचा नाही. टॉवेल धरायचा.

६ मार्च

एकच बोलले. हात लांब टाक, एवढंच. ह्याला बोलणं म्हणत नाहीत, सांगणं म्हणतात.

पोर काय सुरेख पोहते. नऊ वर्षांची आहे, पण पाण्यात शिरली की वय कळत नाही. शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी शिट्टीबाई ठेवलंय. शिट्टी गळ्यात, वाजवत मात्र कधी नाहीत. मुलांना पाण्यात चेंडू देतात आणि म्हणतात, आधी पाण्याशी मैत्री होऊ दे. पाणी काय शेजारीण आहे?

१० मार्च, सकाळी आठ

घरी आल्याआल्या आधी वही काढली.

नात चौथी फेरी संपवून काठाला आली, वर यायला हात टेकला, आणि ह्यांचा आवाज आला. अजून एक फेरी. अगदी स्पष्ट, माझ्या कानाशी. हे जाऊन चौदा वर्षं झाली. वळून पाहिलं तर रिकाम्या खुर्च्या आणि फरशीवर ओली पावलं. नात मुकाट्याने मागे फिरली आणि पुन्हा पोहू लागली. म्हणजे तिलाही ऐकू आलं.

घाबरले नाही. थोडी घाबरले. पण मग भरूनच आलं, नातीला बघायला आले म्हणायचे. घरी कोणाला सांगितलं नाही. हल्लीची मुलं लगेच डॉक्टरकडे नेतात.

१४ मार्च

रोज येतात. आज तीनदा. मनातल्या मनात म्हटलं, अहो, लेकराला दमवू नका, ह्याच पायी मुलाने पाणी सोडलं. ऐकतील तर शपथ. शिट्टीबाई टक लावून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही ऐकू येत असणार.

१७ मार्च

नुसत्या खेळाने मूल घडत नाही, कलाही हवी. म्हणून नातीला गाण्याच्या क्लासला घातलं. श्वासालाही बरं. निश्चय: तिथे मागे बसायचं आणि डुलकी काढायची.

डुलकी लागणार तोच, पुन्हा एकदा म्हण. ह्यांचा आवाज, गाण्याच्या क्लासात. ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मेल्यावर माणूस शिकतो वाटतं. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी पेटी थांबवली आणि मला म्हणाले, आजी, चहा घेता का बाहेर बसून? चहा पातळ होता.

२१ मार्च

नातीचं सकाळी पोट दुखतं. तलावाची पिशवी काढली की दुखतं. मुलाचंही असंच दुखायचं. घराण्यातच पचन नाजूक. सून म्हणाली, आई, तिला दोन दिवस नको नेऊ या का? मी म्हटलं, रविवारी स्पर्धा आहे गं, आता नको कसं? सून माझ्याकडे बघत राहिली. ड्यूटीने दमते बिचारी.

२५ मार्च

सहावी फेरी. पोरीचे ओठ निळे पडले होते. टॉवेल मागत होती. मी घट्ट धरून ठेवला, लवकर पांघरला की अंग सैल पडतं. हे माझं शास्त्र, मुलाच्या वेळेपासूनचं. तेवढ्यात ह्यांनी सातवी सांगितलीच. काय बाई हा माणूस.

३० मार्च, रविवार

स्पर्धा झाली.

मुलगा चक्क आत आला, बायकोशेजारी बसला. नात पहिली होती. अर्ध्यात आली आणि दोरी धरून थांबली. बुडाली वगैरे नाही, नुसती थांबली. माझ्याकडे बघत. ह्यांचा आवाज एवढा मोठा आला की सगळे लोक वळले. आणि वळून माझ्याकडे बघू लागले.

मुलगा बुटांसकट ओल्या फरशीवरून आला. माझ्या हातातून टॉवेल ओढला, पोरीला उचलून गुंडाळलं. हळू आवाजात म्हणाला, आई, बस झालं. मी म्हटलं, मी कुठे बोलले, तुझे बाबा बोलले. तो म्हणाला, बाबा दुकान बंद करून तलावावर एकदाच आले होते. मला घरी न्यायला. वाटेत म्हणाले, आईला सांग बाबांनी पोहणं बंद केलं, तिला वाईट वाटायला नको.

नात त्याच्या खांद्यावरून म्हणाली, आजी, मला राग नाही आला.

३१ मार्च, सोमवार

मुलाला आठवत नसणार. अकरा वर्षांचं पोर ते.

आज तो सुट्टी टाकून नातीला तलावावर घेऊन गेला. स्वतःसाठी पोहायची चड्डी आणलीय, तिच्यावरची किमतीची चिठ्ठी दातांनी तोडत होता आणि नात हसत होती. मला विचारलं नाही. मीही म्हटलं नाही, येते.

ह्यांचा आवाज नक्की कसा होता ते आठवत बसले. खाकरणं आठवतं. पुढचं वाक्य येत नाही.

घर रिकामं आहे. सहा वाजल्यापासून तोंड मिटून बसले आहे, ह्यांना बोलायला जागा व्हावी म्हणून. अकरा वाजून गेले. अजून कोणी काही बोललेलं नाही.