कोपऱ्यातला हात

आचरा,
रविवार, सकाळी

प्रिय स्वप्ना,

तू माझे फोन घेत नाहीस, म्हणून हे कागदावर. तुझी आई उद्या बांद्याला तुझ्याकडे येणार आहे, काकींच्याच पिशवीत हे पाकीट देणार आहे. आत एक फोटो आहे. तो आधी काढू नकोस. पत्र शेवटपर्यंत वाच, मग काढ. एवढं एक ऐक माझं. काकी मघाशी येऊन गेल्या. "बरां केलंस गो, पत्र लिवलंस ता. ती माका पण कायच सांगना नाय," असं म्हणून माझ्या गालावरून हात फिरवला त्यांनी.

त्यांच्याकडूनच कळलं, की साड्यांच्या दुकानात मालक आता काचेतल्या साड्या तुलाच लावायला सांगतात. मला नवल नाही वाटलं. कुठली गोष्ट कुठे ठेवली की माणूस थांबून बघेल, हे तुला न शिकताच कळायचं. मला ते मोजून, मापून, तीनदा खोडून कळतं. आमच्याकडे सगळं बरं आहे. अम्मीचा गुडघा दुखतो, अब्बा सुकी मासळी घेऊन आठवड्यातून दोनदा बाजारात बसतात. जो कोणी थांबेल त्याला सांगतात, "आमची आलिमा मुंबैक फोटोची शिकवणी घेता. साऱ्या महाराष्ट्रातसून धाच पोरां घेतली, तेतुरली एक." निवडीचं पत्र त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी ते प्लास्टिकात घालून खिशात ठेवलंय. काल बांगड्याच्या वासाचं ते पत्र त्यांनी कोणालातरी दाखवलं, आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं.

तुला आपला नियम आठवतो? सुदेशमामांनी लग्नाचे फोटो काढायला नवा कॅमेरा घेतला आणि जुना तुला दिला, तेव्हा आपण ठरवलं होतं. एक दिवस तुझा, एक दिवस माझा. भांडण नको म्हणून. नियम मीच काढला आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने तुझं-माझं लिहिलंही मीच. कॅमेरा तुझ्या मामांचा, तरी अर्धे दिवस मला देताना तू एकदाही कुरकुरली नाहीस. मग जानेवारीत ती जाहिरात दिसली. अठरा ते तेवीस वर्षांची नवी मुलं, सहा महिने, दर महिन्याला तीन दिवस मुंबईत, प्रत्येकाला एक अनुभवी छायाचित्रकार मार्गदर्शक आणि शेवटी प्रदर्शन. तू म्हणालीस, "आपणांक कोण इचारता गो!" आणि दोन्ही फॉर्म माझ्या हातात दिलेस. प्रत्येकीच्या बारा फोटोंची निवड पण तूच कर म्हणालीस.

फॉर्म म्हणजे माझं काम. आमच्या घरात शाळेत टिकलेली मी पहिली. रेशनकार्ड, होडीचा परवाना, मोहल्ल्यातल्या प्रत्येकाचं आधार, सगळं मी भरते, आणि आजवर माझा एकही फॉर्म परत आलेला नाही. आपले दोन्ही फॉर्म मी तसेच भरले. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो तारखेप्रमाणे वेगळे केले. तुझ्या दिवसांचे तुला, माझ्या दिवसांचे मला. एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून दोनदा तपासले. खाली लिहिलं होतं, सर्व छायाचित्रे मी स्वतः काढलेली आहेत. तिथे मी खूण केली, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. एवढं मानशील ना?

आता डिसेंबरमधली ती रापण आठव. सकाळची, पिरावाडीच्या किनाऱ्यावरची. कॅलेंडरवर दिवस माझा होता. जाळ्याची दोन टोकं वाळूवर आली, दोन्हीकडून ओढ सुरू झाली, आणि सत्यवानकाका माझ्यावर ओरडले, "बगत काय रवलंस गो? दोराक हात लाय, आज माणसां कमी हत!" मी कॅमेरा तुझ्या गळ्यात घातला आणि धावले. दहा मिनिटं असतील, फार तर पंधरा. जाळं वर आल्यावर काकांनी मला हाक मारून पाच बांगडे दिले. मी नको म्हणत होते. "दोराक हात लायलंस मा? मगे वाटो घेवन जा." आणि तू शेजारी उभी राहून हसत म्हणालीस, "काकानू, माजो हात कॅमेऱ्याक होतो. माजो वाटो खंय?" सगळे हसले. मीही हसले. मग ते मी विसरले, स्वप्ना. खरंच विसरले.

मार्चमध्ये यादी लागली. मी दहांत, तू प्रतीक्षा यादीत पहिली. तू माझ्या घरी साखर घेऊन आलीस आणि जाताना कॅमेरा ओट्यावर ठेवलास. "तूच ठेव आता. माका काय करूचो हा?" महिन्याभरात तू बांद्याला मावशीकडे गेलीस.

एप्रिलमध्ये पहिल्या बैठकीला किशोरीताईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, माझे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. रापणीचा तो फोटो आला. सगळे जाळ्याकडे बघताहेत आणि एकटी आनंदीकाकी रिकाम्या समुद्राकडे. ताई उठून भिंतीजवळ गेल्या. डाव्या कोपऱ्यात दोर धरलेला एक हात होता, कोपरापासून पुढचा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "या हातामुळे हा फोटो उभा राहतो. बाकीचे अकरा चांगले आहेत, पण आलिमा, तू इथे आहेस ती या एका फोटोमुळे." आणि मी त्या हाताकडे बघत होते. मनगटावर तव्याचा डाग. निळी बाही, तिला अम्मीने लावलेलं काळं बटण. घरच्या लहान पडद्यावर तो कोणाचाही हात वाटला होता. भिंतीवर तो माझा होता. मी दोर ओढत होते. मग फोटो कोण काढत होतं?

मी तेव्हाच उभं राहायला हवं होतं. नऊ मुलं टाळ्या वाजवत होती. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी लाजले.

तेव्हापासून तीन महिने मी गप्प आहे. आधी वाटलं, मुंबईहून परत आल्यावर तुला सांगेन. मग वाटलं, प्रदर्शनाआधी सांगेन. अब्बांच्या खिशातलं पत्र आठवायचं. पण सगळं अब्बांवर ढकलणार नाही. मला ती जागा हवी होती. ताई मला नाव घेऊन हाक मारतात, माझ्या फोटोंवर अर्धा तास बोलतात, असं माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. फक्त दर बैठकीत त्या एकच विचारतात, "रापणीच्या फोटोत होती ती नजर कुठे गेली? आनंदीला जसं पाहिलंस, तसं पाहा." मी अकरा वेळा किनाऱ्यावर गेले. आनंदीकाकी म्हणाली, "आता माजो फोटो काडून काडून माका म्हातारी करतलंस." फोटो सगळे सरळ, स्वच्छ आणि मेलेले. ताई ज्या नजरेची वाट बघतात ती बांद्यात साड्यांच्या दुकानात आहे, हे मला माहीत होतं, आणि मी त्यांच्यासमोर मान डोलवत होते.

तो फोटो शिकवणीवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर माझ्या नावाने लागला, तो तू पाहिलास का? म्हणून फोन घेत नाहीस? की तुला काहीच माहीत नाही, आणि नुसतं दुःख झालंय? यातलं जास्त वाईट काय, तेही मला ठरवता येत नाही. एवढं खरं की तो तुझ्या बारा फोटोंत असता, तर दहांत तू असतीस.

शुक्रवारी प्रदर्शनाची यादी आली. पहिलाच फोटो तो, खाली माझं नाव. मी ताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "ऱ्हवांदे गो, तुजो काय नि माजो काय," आणि मी ते ऐकून घेतलं असतं. मला माझी भीती वाटली. ताई म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते समिती ठरवेल. त्या मुलीचा नंबर दे." आवाजात राग होता की नाही, कळलं नाही. माझी जागा तुला मिळेल का, ते त्या बोलल्या नाहीत, म्हणून मीही तुला काही सांगत नाही. पण ऑक्टोबरात तुला चोवीस पूर्ण होतील. पुढच्या वर्षी तुला फॉर्म भरता येणार नाही. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र काकींना दिलं की सांगणार आहे. त्यांनी ते प्लास्टिक खिशातून काढलं तर मी काय करेन, माहीत नाही.

कॅमेरा काकींच्या पिशवीत आहे, टॉवेलात गुंडाळलेला, चार्ज केलेला. आता पाकिटातून फोटो बाहेर काढ. मागे मी तुझं नाव आणि तारीख लिहिली आहे. मंगळवारी दुपारी ताई तुला फोन करतील. मुंबईचा नंबर असेल, तुझ्याकडे नाव नसेल. तू अनोळखी नंबर घेत नाहीस, हे मला माहीत आहे, आणि हे सगळं मी त्यासाठीच लिहिलंय. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी बाहेर येऊन घे. माझा फोन कधीच घेऊ नकोस हवं तर. तो एक घे.

माफी मागायला तोंड नाही, तरीही
तुझीच,
आलिमा