यादीत श्री नाही

॥ श्री ॥

सोम., ३ नोव्हेंबर

आलं : लॅपटॉप एक, जुना, चार्जरसह. वैशालीने पुण्याहून पाठवला. कुरिअर लेकीनेच भरलं. आपला खर्च : तीन पिनांचा प्लग ६० रु. आणणाऱ्याला पाणी नि बेसनाचा लाडू, तो खर्चात धरत नाही.

वेगळं नेट घ्यायचं नाही. फोनच्या पॅकात रोजचं भरपूर असतं, निम्मं वायाच जातं. हॉटस्पॉट म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं म्हणे. नळाला पाइप जोडावा तसं.

लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. हे बघत होते. म्हणाले, “बरं.”

सध्या एवढंच बोलतात. श्रावणात झटका आला. हातपाय देवाने परत दिले, शब्द ठेवून घेतले. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं. रागाचं बरं वेगळं, लाजल्याचं वेगळं, मला कळतात आता. पण आरती सबंध म्हणतात, चालीसकट. आरती झाली की पाणी मागायला शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं निराळ्या कप्प्यात असतं. कप्प्यांचं यांना काय सांगायचं. टपालखात्यात जन्मभर सॉर्टिंगच केलं.

उद्या ११ ला वाचा-उपचाराच्या मॅडम. ट्रस्टच्या दवाखान्याच्या, फी नाही. मंगळवार-शुक्रवार, पडद्यावरून. झटक्यापासून यांना उजवीकडचं नीट दिसत नाही, फोनवर मॅडमचं अर्धं तोंड गायब. ओठ दिसले तर शिकतील. म्हणून हा मोठा पडदा.

रात्री वैशालीने सांगितलं तसं बटण दाबलं. म्हणाली, “आई, हॉटस्पॉटला नाव टाक, तुला ओळखू येईल असं.” टाकलं. आणखी कुठलं टाकणार? हिशेबाच्या पानावर जे असतं तेच, दोन्हीकडे दंड देऊन.

मंगळ., ४

जोडलं गेलं नाही.

लॅपटॉपमध्ये आजूबाजूच्या नेटची यादी येते. शहा फॅमिली आहे. ‘डोन्ट टच’ नावाचं एक. आकडेवाली बरीच. एक भलतंच : इंग्रजी ए, डोक्यावर तिरपा तुरा, मग वायला दोन आडव्या काड्या, परत काड्यावाला वाय, पुन्हा तुरा... वाचताच येत नाही. आपलं श्री कुठेच नाही.

वैशाली फोनवर : “नाव काय टाकलंस?”
“श्री.”
“मग एसने सुरू होणारं बघ.”
“आहे. शहा.”
“ते नाही गं आई!”

तेवढ्यात सव्वाअकरा. शेवटी फोन यांच्यासमोर धरला तोवर मॅडमची वेळ संपली. मॅडम गोड बोलतात पण सांगितलं, सलग तीन चुकल्या तर ट्रस्ट ती वेळ पुढच्या पेशंटला देतं. यादी मोठी आहे, काकू.

पहिली गेली.

बुध., ५. त्रिपुरी पौर्णिमा

देवळात वाती लावल्या. एक जास्तीची, यांच्या जिभेसाठी. देवाला काय सांगायचं ते कळेना, हॉटस्पॉटचं नाव घेतलं आणि हसूच आलं.

शहांकडे नेट मागावं म्हणून गेले. कुलूप. सगळे यात्रेला पालिताण्याला. आत नेट चालू, पासवर्ड पालिताण्यात.

शेजारच्या हेमाबेनना लॅपटॉप दाखवला. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याला नेट नाही, पण सल्ला असतो. तुरेवालं नाव पाहून : “भाभी, ये तो कोई चायनावाला है. हाथ मत लगाना, बैंक खाली हो जाएगा.” मी कशाला लावते. दुसऱ्याचं न विचारता घ्यायचं नाहीच, त्यात हा असला.

बाजारात निघाले तर हे दारात उभे. पूर्वी इथूनच ओरडायचे, “मेथीचा भाव उलट टपाली कळव गं!” अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. मी चिडायचे. आज म्हणाले, बरं.

मेथी महाग. घेतली नाही.

गुरु., ६

लॅपटॉप पिशवीत घालून स्टेशनजवळच्या दुकानात. फोन यांच्यापाशी ठेवून गेले, काही झालं तर एक दाबला की हेमाबेनना लागतो.

दुकानदाराने त्याच्या नेटला जोडला, चुटकीसरशी लागला. “आंटी, लॅपटॉप एकदम चकाचक. प्रॉब्लेम फोन में है.” फोन घरी. पैसे घेतले नाहीत त्याने. भला माणूस.

शुक्र., ७

दुसरी गेली.

फोनवरच करू म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “काका, माझ्या ओठांकडे बघा. पा-णी.” यांनी बघितलं, मान वळवून वळवून बघितलं. मग फोन उताणा, आपला उपडा, करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मॅडम आतून हाका मारतायत, काका, काका.

“काकू, मला नियम पाळावा लागतो हो.” त्यांचा आवाजही पडला होता.

जेवले नाहीत. वरणभात झाकून ठेवला तो रात्री मी खाल्ला.

शनि., ८. संकष्टी

आज उलटं. हेमाबेनना यांच्यापाशी बसवलं आणि फोन घेऊन मोबाइलवाल्याकडे. त्याने स्वतःच्या फोनवर पाहिलं, म्हणाला, “ये रहा आपका श्री. बढ़िया चल रहा है. लॅपटॉप में गड़बड़ है.”

म्हणजे फोन बरोबर, लॅपटॉपही बरोबर. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत. अशा घरात मी राहतेच आहे.

दोन्ही एकदम घेऊन जावं तर आज अंगात त्राण नाही. उपास. चंद्र उशिरा.

रवि., ९

चौकची मावरेवाली आली. बांगडे. ती दर वेळी विचारते.
“बोलला काय गो तुजा माणूस?”
“नाही गं अजून.”
“येल, येल. माजा बोलतो त्यो थांबत न्हाय, त्याचा कायतरी दे याला.”
हे आतून हसले. खरं हसले. शब्दांशिवाय हसू येतं ते एक बरं आहे.

वैशालीचा फोन. रडवेली. सातवा लागलाय, प्रवास नको म्हणून सांगितलंय, नाहीतर स्वतः आली असती. “बाबा माझ्याशी काही बोलतील का गं, बाळ यायच्या आत?” मी म्हटलं, बोलतील. कुठल्या जोरावर म्हटलं देव जाणे. मंगळवारी नाहीच लागलं तर वरच्या मजल्यावर दारं ठोठावायची, ओळख असो नसो. ठरलं.

सोम., १०

आज क्रमाने, नीट लिहिते.

दुपारी लॅपटॉप उघडून यादी बघत बसले होते. जपासारखं झालंय ते, उघडायचं, श्री नाही, मिटायचं. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू. बघते तर यादीतली नावं एकेक करून गळायला लागली. आकडेवाली गेली. शहा गेले. डोन्ट टच गेला. उरलं एकच. तुरेवालं! आणि त्याच्या पुढच्या रेघा भरगच्च.

मला वाटलं चोर घरातच आहे. खरंच उठून दाराआड बघितलं. गॅलरीत बघितलं. हे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, मी म्हटलं, “अहो, बघा ना, हा चायनावाला जातच नाही!”

हे उठून आले. लॅपटॉप डावीकडे सरकवला, त्यांना दिसतो तिथे. वाकून बघत राहिले. किती वेळ! हा चेहरा मी ओळखते. ज्या पाकिटांवरचं अक्षर कोणालाच लागायचं नाही, ती शेवटी यांच्या टेबलावर यायची. म्हणायचे, अक्षर वाचायचं नसतं, त्याची ठेवण बघायची, गाव आपोआप कळतं.

मग बोट ठेवलं. नावाच्या सुरवातीला : तुरा, वाय, वाय. नावाच्या शेवटाला : तुरा, वाय, वाय. तेच. दोन्ही टोकांना तेच! माझ्याकडे बघितलं. मी ढिम्म. “बरं,” म्हणाले, ते चिडल्याचं. आत जाऊन माझी हिशेबाची वही आणली, पान उघडलं आणि वरच्या ओळीवर बोट. दंड. श्री. दंड.

वही उचलून पडद्याशेजारी धरली.

आपलंच होतं. लॅपटॉपला मराठी अक्षर लागलं नाही, त्याने त्याच्या समजुतीने तुरे नि काड्या काढल्या. मी आठवडाभर देवाच्या नावाला चोर म्हणत होते.

खात्रीसाठी फोनचं बटण बंद केलं. नाव गेलं. चालू केलं. आलं. पासवर्ड टाकला. लागलं! घरात लाइट नाही, आणि नेट आहे. बाकीच्यांची यंत्रं विजेवर, आपली नळी फोनातून.

देवापुढे साखर ठेवली. यांच्या हातावर पण. म्हटलं, तुम्ही वाचलंत. “बरं,” म्हणाले. हे बरं याआधी ऐकलं नव्हतं.

वैशालीला सांगितलं. आधी हसली. मग, “आई, आता नाव इंग्रजीत बदलून टाक, सोपं पडेल.”
“आता कशाला? आता मला वाचता येतं.”

मंगळ., ११

यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी न सांगता. अकराला पाच कमी असताना तुरेवाल्यावर टिचकी. मॅडम अख्ख्या दिसल्या, दोन्ही कानांतल्या कुड्यांसकट.

पाणी, पान, पाय. यांचे ओठ नीट मिटतात, उघडतात, आणि बाहेर येतं ते बरं. सगळा वेळ. घाम आला यांना. मला वाटलं होतं पडदा लागला की... काय वाटलं होतं कोण जाणे.

शेवटी मॅडम म्हणाल्या, वेळ सध्या तुमचीच. महिनाअखेर ट्रस्टला कळवावं लागतं, सुधारणा आहे की नाही. काहीतरी एक तरी नवीन हवं. आरती धरत नाहीत. मग मला म्हणाल्या, “काकू, काका नेहमी काय बोलायचे? तोंडात बसलेलं एखादं वाक्य? आठवून ठेवा.”

भांडी घासताना आठवत होते. नवरा इतकी वर्षं बोलत होता, आणि मी लक्ष देऊन ऐकलेलं असं सापडेना. मग मेथी निवडायला घेतली (आज उतरली होती) आणि हसायला आलं.

शुक्र., १४

मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं. यांना पत्ता लागू दिला नाही.

पाणी-पान झालं. मग मॅडम सहज म्हणाल्या, “काका, तुम्ही टपालात ना? मला पत्र लिहायला येत नाही हो. शेवटी काय लिहायचं? उत्तर लवकर हवं असेल तर?”

हे बघत राहिले. मी ओट्यापाशी, हातात लाटणं. पोळी करपली तरी हलले नाही.

ओठ हलले. मॅडम थांबल्या. शिकलेली बाई, थांबता येतं तिला. मला येत नव्हतं, मी मनात नाव घेत होते.

“उ...”

परत. गळ्याच्या शिरा ताठ.

“उलट.”

स्पष्ट! ट सुद्धा पुरा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, हेमाबेन दारातून, “बोले क्या? बोले क्या?” मी वळून बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते. पुढचं यायला हवं होतं. तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच. आणि मग, “बरं.”

मॅडम म्हणाल्या, एक शब्द लिहिते. महिनाअखेरीला पुरेल की नाही सांगता येत नाही, काकू, माझ्या हातात नसतं. पण लिहिते.

वैशालीला फोन लावून दिला. तिकडून ती “बाबा, म्हणा ना, बाबा,” इकडून यांचं बरं, बरं, बरं. थकले होते. आता पडलेत.

मेथीची भाजी केली आहे. वही आज मिटून ठेवत नाही, यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला उघडी ठेवते, जिथून दिसतं तिथे. उठले की वाचतील. वाचता येतं त्यांना, माझ्यापेक्षा चांगलं.

सुमनचा सा. न.

इकडे सर्व ठीक. तुमचा अर्धा मजकूर आज सकाळी हाती पडला, आनंद झाला. पाकीट फाटलेलं नाही, पत्ता बरोबर आहे, मी घरातच असते. मेथी वीस रुपये जुडी. उरलेला मजकूर उलट टपाली कळवावा.