साच्यातला फेस

ता. १४, रविवार, दुपार

ती. बाबा,

नमस्कार करतो, पण भांडण आधी. ताईच्या पत्राखाली तुम्ही स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहिलीत, आणि तीही "फेस विकून कुणाचं घर उभं राहिलंय?" अशी. दोन वर्षांत मी पाच नोकऱ्या सोडल्या, खरंय. पायाला भिंगरी आहे, तेही खरंय. पण इथे मला अकरावा महिना चालू आहे, हे ताईने सांगितलं नाही वाटतं.

आईला म्हणावं खोकला गेला. जेवतो वेळेवर. खोलीत आम्ही तिघं, खिडकी एक, आणि ती माझ्या बाजूला.

आता फेस म्हणजे काय ते ऐका. गव्हाचं काड शिजवून, कुटून आम्ही त्याचे कापसासारखे धागे करतो. नुसत्या पाण्यात टाकले तर ते एकमेकांना मिठ्या मारून गोळे होतात. म्हणून पाण्यात जरासं साबणासारखं औषध घालायचं आणि यंत्राच्या रवीने घुसळायचं. टाकीभर फेस चढतो, दाढीच्या साबणासारखा दाट. एकेक धागा बुडबुड्यांच्या मधे अडकून राहतो, बुडत नाही, वरही येत नाही. मग तो फेस चाळणीचा तळ असलेल्या लाकडी साच्यात ओतायचा. पाणी खालून निथळतं, बुडबुडे विरतात, धागे मात्र जिथल्या तिथे. गरम खोलीत वाळलं की पावासारखी हलकी फळी तयार. काचसामानाच्या खोक्यात थर्माकोलऐवजी घालतात. काम झाल्यावर फेकली तर मातीत मिसळते.

सकाळी वरच्या झरोक्यातून ऊन टाकीत उतरतं. तेव्हा वाटतं, अख्खं शेत पांढरं होऊन झोपलंय आणि झोपेत श्वास घेतंय. मी फेस सारायचं वल्हं हातात धरून उभा असतो आणि मला कुठेच जावंसं वाटत नाही. मला, बाबा!

सुरुवातीला घोळही घातला. साचा भरला की मी बोटाच्या पेराने टकटक वाजवायचो, तुम्ही लाकूड पारखता तसं. हात आपोआप जायचा. धक्क्याने फेस बसायचा. बारा फळ्या मधोमध खचल्या, जणू कुणी त्यांच्यावर झोपून उठलंय. आमच्या मालकीणबाई मागे येऊन उभ्या.

"दार वाजवतोस काय रे? आत कोण आहे?"

"सवय आहे, बाई. वडील सुतार आहेत."

"अस्सं! मग हे साचे बघ. पाण्याने फुगतात, कोपऱ्यातून फेस गळतो. दुरुस्त करशील?"

खिळे उपटले. तुम्ही करता तसे कोपरे दातात दात बसवून जुळवले. सात वेळा फसलो, आठव्यांदा जमलं. बाईंनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी शिकवलं?" तुमचं नाव घेतलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पळालो.

का पळालो, ते लिहायचं मी एवढा वेळ टाळतोय. घर सोडलं त्या सकाळी दुकानात फळीचं दुसरं टोक मी धरायचं होतं. "आलोच" म्हणून गेलो तो गाडीतच बसलो. तुमची हाक मला वळणावर ऐकू आली होती. वाटलं, शिव्या देताय. तुम्ही एकट्याने फळी यंत्राच्या करवतीवर लोटलीत आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. सगळ्यांना सांगितलंत, "माझंच लक्ष नव्हतं." ताईलाही अजून तसंच वाटतं. तिने मला कळवलं तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. मी परत आलो नाही. उत्तरात बोटांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यानंतर जिथे जिथे करवतीचा आवाज आला, तिथून तिथून निघालो.

फेसाला आवाज नसतो, बाबा. म्हणून टिकलोय.

ताई लिहिते, दुकानाला कुलूप आहे, तुम्ही दिवसभर दारात बसून असता, बोलत नाही. बाईंना साठ साचे हवेत. कापायला माणसं आहेत, मी आहे. पण कुठलं लाकूड कुठल्या अंगाने फुगेल, हे सांगणारं इथे कुणी नाही. त्या कामाला आठ बोटं पुष्कळ झाली. बाईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग पत्र लिहायला मुहूर्त बघतोस का?" कारखान्यामागची खोली देतायत, स्वयंपाकाच्या जागेसकट. आईला आवडेल.

आल्यावर मारायचं असेल तर मारा, मी पळणार नाही. आला नाहीत तर का, ते मला विचारायला लागणार नाही.

तुम्हाला न सांगता गेलेला,
तुमचाच

सोबत साडेतीन हजार पाठवतोय. दोघांचं इकडे यायचं तिकीट त्यात बसतं. परतीचं मोजलेलं नाही.