गौरवीच्या नावाची पाकळी

॥ श्री देवी प्रसन्न ॥
इब्रामपूर, पेडणे
रविवार, १४ मे १९८९

ती. देवकीवन्सं यांना सरस्वतीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी बरी आहेत. ह्यांचा खोकला गेला. फणसाची साठे वाळत घातली आहेत, डिचोलीला येणारे कुणी भेटले की भावोजींसाठी पाठवते. तुम्ही दिलेल्या साडीची घडी अजून मोडलेली नाही, वापरीन.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, गौरवीची सातवी झाली की तिला माझ्याकडे पाठव, हायस्कुलात घालते. मी नको म्हटले. आमच्या गावची शाळा सातवीतच संपते हे खरे, पण देवेश बहिणीच्याच हातून जेवतो, मी भरवले तरी तोंड फिरवतो, असे मी सांगितले. तुमचे ते बोलणे अजून माझ्या कानात आहे.

गेल्या महिन्यात आम्ही मोरजीला गेलो होतो. पणजीची एक संस्था आहे. हातापायांनी अधू, डोळ्यांनी अधू अशी मुले आणि त्यांची घरची भावंडे, सगळ्यांना एकत्र शुक्रवार ते रविवार समुद्राजवळच्या एका शाळेत ठेवतात. आयांनाही ठेवून घेतात. सगळे फुकट होते, म्हणून गेले. नाहीतर देवेशला उचलून दोन बसगाड्या बदलायचे मी मनात आणले नसते.

तिथे शीतल म्हणून एक मुलगी होती, सगळे तीच बघायची. तिने पहिल्याच जेवणाला सांगितले, "हांगां आपल्या भावाक आपूण भरवपाचें ना. दुसऱ्याच्या भावाक भरवा." मी म्हटले, बाई, आमचा उपाशी राहील. ती म्हणाली, "रावूं दी. भूक लागतकच खातलो."

धाकू नावाचा, किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारा मोरजीचा म्हातारा रापणकार होता, त्याची आंधळी नात सायली त्या मुलांत होती. त्याने माशाच्या हुमणात भात कुस्करला आणि देवेशसमोर मांडी घालून बसला. "खा रे राजा. म्हातारो हात आसा, पूण धुतलेलो आसा." देवेश हसला. हसताना तोंड उघडले, त्यात धाकूने घास घातला. देवेश जेवला, वन्सं. सगळे ताट. मी खांबाला टेकून बघत होते. आनंद व्हायला हवा होता. मला काहीच वाटले नाही.

गौरवीचे ताट तिच्यापुढे तसेच होते. धाकू तिकडे घास उचलायचा तेव्हा इकडे तिचे तोंड उघडायचे, आणि मिटायचे. तिला सवयच नाही ना, गरम भात आपल्या तोंडात घालायची. घरी त्याचे झाल्यावर त्याच्या ताटातले उरलेले ती खाते. अन्न टाकायचे नाही म्हणून मीच ती रीत लावली. चांगली बचतीची रीत वाटत होती.

शनिवारी सकाळी मुलांना पाण्यात नेले. देवेशला धाकूने आणि आणखी एकाने खुर्चीसकट उचलून लाटेत ठेवला. तो ओरडत होता, खुशीने. गौरवी वाळूत उभी, त्याचा टॉवेल छातीशी धरून. शीतल म्हणाली, "तो टॉवेल दवर गो थंय, तूं यो उदकांत."

"त्याला बाहेर आल्यावर थंडी वाजेल."

"आनी तुका?"

"मी भिजत नाही," गौरवी म्हणाली.

तक्रार नव्हती. मी मासे खात नाही म्हणावे तसे. शीतलने माझ्याकडे पाहिले. मी पदर नीट केला.

रविवारी सायली तिला हाताला धरून पाण्यात घेऊन गेली. आंधळ्या मुलीने डोळसाला नेले. गौरवी गळ्यापर्यंत भिजली, देवेश कुठे आहे हे तिने एकदाही वळून बघितले नाही. देवेशनेही तिला हाक घातली नाही.

परतताना बसमध्ये देवेश माझ्या मांडीवर झोपलेला. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आई, आत्तेकडे जाऊ का, देवीला विचारशील?" आजवर तिने काही मागितलेले नाही.

तुम्हाला माहीत आहे, देवीला विचारल्याशिवाय मी घरात साधी म्हैसही घेतली नाही. शुक्रवारी गेले. रघुनाथभटांना म्हटले, गौरवीला डिचोलीला पाठवू का, पाकळी लावून कौल घ्या. त्यांनी मूर्तीला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले, "आई, ह्या तुज्या लेकराक, देवेशाक, परगावाक धाडचो काय?"

उजवी, होकाराची पाकळी लगेच पडली.

"उजवो दिलो गो, देवेशाचे आवय!" भटजी खूष झाले. गावात मला देवेशची आई म्हणूनच ओळखतात.

मी म्हटले, भटजी, मुलगी म्हटले होते मी. गौरवी. ते जीभ चावून म्हणाले, "आगे, इतकीं वर्सां त्याचेंच गाऱ्हाणें घालतां, तोंडाक तेंच नांव येता. परत लावया, कितें ना त्यांत."

त्यांचे खरे आहे. मुलगी बारा वर्षांची झाली, तिच्या नावाने मी देवीपुढे कधी उभी राहिलेच नव्हते.

भटजी पाकळ्या भिजवत होते. मी नको म्हटले. दुसऱ्या वेळी डावी पडली असती तर मी ऐकले असते. तिला घरी ठेवली असती, आणि देवीची मर्जी म्हणून आयुष्यभर सांगितले असते. नमस्कार करून पायऱ्या उतरले. देवी रागावली असेल तर माझ्यावर रागावो.

ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "आणि देवेश?" मी म्हटले, मी आहे. कालपासून मी भरवते. तोंड फिरवतो. थोड्या वेळाने खातो.

तेव्हा जूनमध्ये गौरवीला आणून सोडते. कपडे दोन जोड आहेत, तिसरा शिवते. तुमच्याकडे ती सगळ्यांचे होईपर्यंत जेवायची थांबेल, रागावू नका. तिचे ताट आधी वाढा आणि जेव म्हणून सांगा. सांगावे लागेल. नदीवर, तळीवर कुठे पोरींबरोबर गेली तर जाऊ द्या. भिजली तरी चालेल.

तिच्या जागी देवेशचा टॉवेल आता मी धरते.

भावोजींना नमस्कार. तुमच्या पायांवर डोके ठेवून,

गौरवीची आई