रिकाम्या जात्यावरची ओवी

मंडणगडाजवळून,
वैशाख, सन १९३३

प्रिय मालन,

तुझं पत्र शिमग्यात आलं आणि उत्तराला वैशाख उजाडला. शेजारच्या बिऱ्हाडात फोनो आणलाय, सगळी चाळ गाणी ऐकते, असं मोठ्या तोऱ्यात लिहिलंस. वर विचारलंस, आक्का, तुझी आवडती गाणी कळव, त्यांची फोनोची थाळी मिळते का बघते. अगो शहाणे, माझी गाणी कसली थाळीवर यायची! पण सांगते. सांगत बसले नाही तर भीतीने माझं डोकं फिरेल. आमच्या चिमाला देवी आल्या आहेत. आज बरी आहे, खपल्या धरल्या आहेत, एक डोळा उघडला, दुसरा अजून चिकटलेलाच आहे. सखाराम टपालवाला बांधापलीकडे उभा राहतो, अंगणात पाय टाकत नाही. पत्र कडुनिंबाच्या धुरावर धरून मगच त्याच्याकडे देईन, तरी वाचून झालं की हात धू.

तर पहिलं गाणं शिमग्यातलं. खेळे आपल्या अंगणात नाचून गेले की दुसऱ्या दिवशी आपण दोघी गोठ्यात त्यांचं सोंग आणायचो. मी मृदंग म्हणून घागर वाजवायची आणि तू आप्पांचं उपरणं कमरेला बांधून गायचीस. एकदा आप्पा दारात येऊन उभे राहिले. शाळामास्तरांच्या मुली खेळ्यांची गाणी म्हणतात म्हणून आता पाठ सोलून निघणार, असं वाटलं. आणि त्यांनी काय केलं, तर चुकलेला ताल हाताने धरून दाखवला. अजून कुठे मृदंग वाजला की मला आप्पांची ती बोटं दिसतात.

दुसरं माझ्या हळदीचं. बायांनी माझ्या सासूबाईंचं नाव घालून गाणं रचलं होतं, की सोनूबाईंच्या घरी मिरचीसुद्धा घाबरून गोड होते. सगळा मांडव हसला, त्या मात्र हसल्या नाहीत. सासरी आल्यावर पहिला महिनाभर मी त्यांच्या सावलीलाही घाबरत होते. त्यांच्या तोंडावर देवीचे वण आहेत ना, लहानपणीच येऊन गेल्या, त्यामुळे रागावल्या की चेहरा आणखीच उग्र दिसतो. आता त्याच माझ्या आधाराला आहेत. हे गिरणीत, कळवलं आहे, पण रजा मिळेल तेव्हा खरी.

चिमाचं तोंड फुललं त्या दिवशी सासूबाईंनी दाराला कडुनिंबाची डहाळी लावली आणि म्हणाल्या, आता ही चिमा नाय, बाय हाय, देवीबाय. मग घरात फोडणी बंद, केरसुणी आपटायची नाही, जात्याला हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. गाणं म्हणायचं तर बायचंच. आणि बाय जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. मालन, स्वतःच्या पोरीला हात जोडताना कसं वाटतं ते तुला कधी न कळो. लस टोचून देवी काढणारा आला तेव्हा चिमा तापाने फणफणली होती, म्हणून राहून गेली. मीही तशीच राहिलेली, आठवतं ना? तू भोकाड पसरून का होईना, पण दंड पुढे केलास, आणि मी काजूवर चढून बसले ती तो गाव सोडून जाईपर्यंत उतरले नाही. आई शेवटपर्यंत त्यावरून मला माकडीण म्हणायची.

आईवरून तिसरं गाणं. तुला कुठलं ते कळलंच असेल. पहाटे जात्याशी आपण तिच्या मांड्यांवर डोकी टेकून निजायचो, एका मांडीवर तू, एकीवर मी. आणि ती म्हणायची,

नाचणी दळिते बाई, तांबडं गं पीठ पडे
मालन माझी उठेस्तोवर, सूर्य उभा दारापुढे.

नेहमी तुझंच नाव. मी एवढी धाय मोकलून रडले तेव्हा कुठे एक दिवस सूर्य माझ्यासाठी थांबला! चिमा झाली तेव्हा मी तुझं नाव काढून तिचं घातलं, रागावू नकोस. जन्मल्यापासून पोर ह्या एका ओवीवर उठते. जात्याची घरघर नसेल तर ओवी तिला खोटी वाटते, नुसती म्हटली की तोंड वाकडं करते.

आणि नेमकं तेच झालं. दोन्ही डोळे सुजून मिटले होते, अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती, ओठ फुटलेले, आणि पोर म्हणाली, आये, उजाडलं नाय काय? दळ ना. ती नाचणीची म्हण ना. दिवस चांगला वर आला होता, मालन. म्हणावी तर बायच्या घरात जातं आणि दुसरं गाणं, कोप होईल. न म्हणावी तर बायने मागितलेलं नाकारलं, तरी कोपच. इकडे आड तिकडे विहीर. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पोरीच्या उशाशी बसल्या होत्या. पोर मात्र सारखी दळ ना, दळ ना करत राहिली, आणि तिचा आवाज बारीक होत चालला. मला वाटलं, हा आवाज आता थांबणार. तेवढी भीती मला जन्मात कधी वाटली नाही, आई गेली तेव्हाही नाही.

मग सासूबाई उठल्या. नाचणीच्या टोपलीला शिवल्याही नाहीत. पदर खोचला, जात्याशी बसल्या आणि रिकामंच जातं फिरवायला लागल्या. रिकामं जातं फिरवलं तर घराचं वाटोळं होतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तोंडाकडे बघत राहिले तशा खेकसल्या, पीठ पडलं नाय, मग दळलं कुठं? म्हण गो तू! दगडावर दगड घासून नुसत्या ठिणग्या उडत होत्या आणि मी म्हणत होते. सूर मुळीच लागत नव्हता. म्हणताना मी देवीची माफी मागत होते, पोरीकडे बघत होते आणि रडत होते. चिमा ऐकता ऐकता निजली. दोन्ही डोळे मिटलेले, त्यामुळे झोप आहे की दुसरं काही, हे कळायला मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले. त्यानंतर रोज सकाळी आम्ही सासवासुना हा गुन्हा करतो. खपल्या धरल्या त्या देवीच्या दयेने की आमच्या चोरीने, कोण जाणे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. कालपासून माझी कंबर मोडल्यासारखी दुखते आहे, अंग तापलं आहे आणि डोकं उचलवत नाही. चिमाचं असंच सुरू झालं होतं. सासूबाईंना सांगितलं नाही, पण मघाशी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तशाच बाहेर गेल्या. मालन, मला फार भीती वाटते. मरणाची वाटते, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त ही वाटते, की चिमाला चौथं वर्ष, माझं तोंड तिच्या लक्षात राहायचं नाही. मी जगले तर हे पत्र चुलीत घाल, मी असं काही लिहिलंच नाही म्हणेन. नाही जगले तर पावसाने आगबोटी बंद व्हायच्या आत हर्णैच्या बंदरात उतर आणि तिला तुझ्याजवळ घे. सासूबाई आता थकल्या, आणि हे एकटे गिरणी बघतील की पोर? जात्याशी बसून ती ओवी तू म्हण. तुझा आवाज हुबेहूब माझ्यासारखा आहे, आप्पासुद्धा फसायचे. पहाटे, दिवा लावायच्या आधी म्हणत जा. आई गेली हे तिला इतक्यात कळायचं नाही.

तुझीच,
मथुराआक्का