गिअरबॉक्समागचं झाकण

भूमिका बेटा,

उठल्यावर आधी हे वाच. पप्पा दीपनगरची ड्यूटी संपवून आला की शिंदखेड्याच्या लग्नाला जीप काढेल. माझा फोन तो उचलत नाही, म्हणून तुला लिहितोय.

आपण इंजिनमधून गंज काढायचं औषध फिरवलं, नवा वॉटर पंप बसवला, इंजिनमधलं पाणी अडवणारी बाजूची पत्र्याची गोल झाकणंही बदलली. गिअरबॉक्समागचं तेवढं राहिलं, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याचा पत्रा आधीच सडलेला होता. गंजानेच पाणी धरून ठेवलं होतं. गंज गेला आणि आता तिथून गळतंय. अर्ध्या वाटेत पाणी संपलं तर इंजिन जाम होईल आणि तुम्ही सगळे उन्हात रस्त्यावर.

काल पप्पा म्हणाला, "नाना, थेंबभर पाण्याने काय होतं? तुमचं सदाच काहीतरी असतं!" तू वाद घालू नकोस. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली कोरडा पुठ्ठा सरकव आणि भिजला की त्याला दाखव. डोळ्यांनी दिसलं की तो मानतो, लहानपणापासून तसाच आहे. बसने जा म्हणावं.

मी जळगावला झाकण आणायला जातोय. जीपची चावी खिळ्यालाच आहे, मी लपवलेली नाही.

तरीही निघालाच, तर मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन भरून ठेवलेत. रेडिएटर गरम असताना त्याला उघडू देऊ नकोस. आणि कॅन मी ठेवले म्हणू नकोस, उतरवून ठेवील.

– नाना